फरशीखालची वाटणी

“शालन, तुझ्या खोलीत वेढे किती आलेत, मोजलेस का गं?”

आक्कानं हे इतक्या गोड आवाजात विचारलं की मी सावधच झाले. आक्का म्हणजे माझी थोरली जाऊ. ती आरडाओरडा करत असली की घरात सगळं ठीक चाललंय असं समजावं. गोड बोलायला लागली की कुणाचं तरी काही खरं नाही.

“वेढे कसले मोजायचे, आक्का?”

“अगं, बघ तरी डोळं उघडून. आमच्या खोलीत सहा. तुझ्या खोलीत तेरा.”

नव्या घराच्या उघड्या काँक्रीटवर लिमये उकिडवा बसून खडूनं रेघा ओढत होता. रेघ भिंतीपर्यंत जायची, वळायची, परत आली की एक वेढा, मग पुन्हा वळायची. ह्या रेघांवर नळी बसणार होती, नळीवर सिमेंट, सिमेंटवर फरशी. घरामागं लाकडावरचा एक दांडगा बंब बसवायचा आणि त्यातलं गरम पाणी पंपानं सगळ्या घराच्या फरशीखालून हिंडवून परत बंबात आणायचं. धूर नाही, शेगडी नाही, पायाखालून ऊब. मनालीच्या एका हॉटेलात लिमयेनं हेच काम केलं होतं. पोरगा नाशिकचा, ज्वारीच्या भाकरीला आसुसलेला. कुल्लूत ज्वारीची भाकरी एकाच घरी मिळायची, आमच्या. म्हणून दर रविवारी तो एवढा डोंगर उतरून यायचा आणि भाकरीची परतफेड म्हणून त्यानं आमच्या घराचं हे काम अंगावर घेतलं होतं.

आम्ही मूळचे सांगली जिल्ह्यातले, विट्याकडचे. आमच्या बाजूची निम्मी माणसं गलाई करतात. सोनारांकडचं जुनंपानं सोनं भट्टीत वितळवायचं, तेजाबात घालून त्यातली भेसळ काढायची आणि शुद्ध करून द्यायचं. भारतात असा बाजार नाही जिथं आमचा एखादा माणूस तराजू घेऊन बसलेला नाही. सासऱ्यांनी कुल्लूच्या बाजारात दुकान टाकलं. ते गेल्यावर दादा, म्हणजे माझे थोरले दीर, आणि आमचे हे, असे दोघे भाऊ बघायला लागले. दुकानावर एकच लांबलचक खोली होती. तिथंच चूल, तिथंच देव, तिथंच सगळ्यांची अंथरुणं. एका अंगाला बायका-पोरं, दुसऱ्या अंगाला दोघे भाऊ आणि मधोमध आत्या. आमच्याकडे सासूला आत्या म्हणतात. आत्या म्हणजे त्या खोलीतली भिंत होती म्हणा ना. खाली भट्टी पेटलेली असायची, त्यामुळं वर फरशी कायम कोमट. बाहेर बर्फ पडो की काही होवो, आम्ही पातळ वाकळेवर आरामात झोपायचो.

पण भट्टीबरोबर तेजाबाचा वासही वर यायचा. उन्हाळ्यात खिडक्या उघड्या, तेव्हा चालायचं. थंडीत खिडक्या लावल्या की डोळे झोंबायचे. माझा संग्राम चार महिन्यांचा होता तेव्हा एका रात्रीत त्याची छाती भरली. डॉक्टरनं सांगितलं, ह्याला धूर नको आणि गारठाही नको. झालं! मला आणि पोराला गाडीत बसवलं, गावी पाठवलं, आणि गुढीपाडवा झाल्यावर परत आणलं. आता दर दिवाळीनंतर हेच होणार होतं. लग्नाला दोन वर्षं झालेली, त्यातलं निम्मं, बाळंतपण आणि ही थंडी धरून, मी नवऱ्याशी फोनवर संसार केला. तो फोनही दुकानातला. बाजूला दादा बसलेले असायचे, मग हे काय बोलणार? “पोरगं बरं हाय न्हवं? मग ठीक हाय.” ह्यापलीकडे ह्यांची गाडी कधी गेली नाही.

म्हणून तर डोंगरावर हे नवं घर, थोरल्याला एक खोली, धाकट्याला एक, आत्यांना एक. दुकानाचा वास तिथं येणार नव्हता, पण भट्टीची ऊबही येणार नव्हती. दादांनीच लिमयेला विचारलं होतं, “भट्टीसारखी खालनं ऊब मिळंल असं काय करता येतंय का?” आणि मला सांगितलं होतं, “धाकल्याची खोली उबली तर ऱ्हावा. न्हाई उबली तर दिवाळीनंतर गाडी हायच.”

आता कळलं ना, मी सावध का झाले? माझा सगळा संसार त्या तेरा वेढ्यांवर टांगलेला होता.

आक्कानं दादांना बोलावलं. दादांनी आत्यांना बोलावलं. आमचे हे बोलावल्याशिवायच आले आणि येऊन भिंतीला टेकून उभे राहिले. भांडणाच्या वेळी त्यांची ती ठरलेली जागा.

लिमयेनं पँटवर खडूचे हात पुसले आणि समजावून सांगायला लागला. “आजी, बघा, प्रत्येक खोलीची गरज वेगळी असते. स्वयंपाकघरात चूल आहे, तिथं वेढे कमीच लागतात. न्हाणीघरात माणूस ओल्या अंगानं उघडा असतो, तिथं जवळजवळ वेढे. दादांची खोली दक्षिणेला, मोठ्या खिडक्या, दुपारपर्यंत ऊन. तिला सहा वेढे रग्गड झाले. ही खोली उत्तरेला. दोन भिंती बाहेरच्या, वर देवदारांची सावली, ऊन बारा महिने नाही. हिला तेरा वेढे घातले तेव्हा कुठं ती दादांच्या खोलीइतकी होईल. इतकीच, जास्त नाही.”

“म्हणजे ऊन आमचं, म्हणून आमची नळी कापली,” आक्का म्हणाली. “ऊन काय ह्यांनी घातलंय व्हय पदरचं?”

“तसं नाही हो वहिनी...”

“मग कसं? उद्या ढग आलं तर? ढगाला तुमच्या कागदावर जागा हाय का?”

लिमयेनं आपला कागद उलटा करून बघितला. हॉटेलवाल्यानं त्याला ढगाबद्दल कधी विचारलं नसावं.

दादा रेघांकडे बघत होते. दादा वाईट माणूस नव्हते. पण ज्यानं जन्मभर गुंजा तोलल्या त्याला डोळ्यांनी दिसलेलं काही पटत नाही. तराजूची दोन्ही पारडी समोरासमोर आली की मगच त्यांच्या जिवाला चैन पडायची.

“लिमये,” ते म्हणाले, “तुमचं शास्त्र असंल बरोबर. पर उद्या चार माणसं येणार. म्हणणार, धाकल्याला दुप्पट दिलं, थोरल्याला निम्मं. आमच्यात काट्यावर सारखं ते सारखं.”

“पण ऊब काट्यावर कशी बसेल?”

“नळी बसंल की.”

मी आत्यांकडे बघितलं. म्हटलं, ही बाई तरी शहाणपणाचं बोलेल. आत्या जमिनीवर हात टेकून खाली बसल्या, खडूच्या रेघेवर बोट फिरवलं, त्या खोलीत आणि ह्या खोलीत किती वळणं आहेत ते नीट बघितलं. मग म्हणाल्या, “दोघं माझंच हायत. सारखं द्या.”

“आत्या, पोराची खोली आहे ती!” माझ्या तोंडून निघून गेलं.

“व्हय. आन् ती काय पावण्याची हाय?” दक्षिणेच्या खोलीकडे बोट दाखवून आत्या म्हणाल्या. विषय संपला.

मग जो तमाशा झाला तो मी मरेपर्यंत विसरणार नाही. दुकानातला कोळसा तोलायचा मोठा काटा डोंगरावर आणला. नळीचं भेंडोळं सोडलं, दोन तुकडे केले, आणि एका पारड्यात एक, दुसऱ्यात दुसरा. प्लास्टिकची नळी ती, तिला काय वजन! पण दादा डोळे बारीक करून बघतायत, इकडचा वीतभर तुकडा कापतायत. लिमये डोक्याला हात लावून दगडावर बसला होता.

आणि आत्यांना रीत आठवली. “थोरल्यानं वाटं केलं. आता धाकल्यानं आधी उचलायचं.” आमच्याकडे शेतीच्या वाटणीला ही रीत आहे. वाटे थोरला पाडतो, पण पहिली निवड धाकट्याची, म्हणजे थोरल्याच्या मनात पाप असलं तरी काही चालत नाही.

माझ्या जिवात जीव आला. मी ह्यांच्याकडे डोळे वटारून बघितलं. म्हटलं, बाबा, आता तरी बोल! नळी सारखी झालीय, मग दक्षिणेची खोली उचल! रीत तुझ्या बाजूनं आहे!

हे पुढं झाले. दोन्ही भेंडोळ्यांकडे बघितलं. दादांकडे बघितलं. आणि जवळ पडलेलं भेंडोळं उचलून खांद्यावर टाकलं.

“हे चालंल मला,” म्हणाले.

घरी येताना मी ह्यांच्या चार पावलं पुढं तरातरा चालत होते. शेवटी ह्यांनीच विचारलं, “काय झालं?”

“काही नाही. आयुष्यात एकदा निवडायला मिळालं, तर तुम्ही नळी निवडलीत.”

“मग काय निवडायचं होतं?”

देवा, असा भोळा सांब माझ्याच वाट्याला यायचा होता!

काम झालं. फरशी बसली. देवघर घराच्या मधोमध होतं, म्हणून लिमयेनं सगळ्या नळ्यांची तोंडं देवघराच्या कट्ट्याखाली आणली आणि तिथं एक छोटं कपाट केलं. कपाटात ओळीनं पितळी कॉक, प्रत्येक खोलीचा एक. ते समजावून द्यायला त्यानं सगळ्यांना बोलावलं. दादांना दुकानाची घाई. आक्का पडद्यांचं माप घेत होती. मी रांगणाऱ्या संग्रामच्या मागं वाटी घेऊन फिरत होते. ऐकायला राहिल्या एकट्या आत्या, त्याही सूप मांडीवर घेऊन डाळीतले खडे काढत होत्या.

“असा फिरवला की पाणी कमी, तसा फिरवला की जास्त,” लिमये सांगत होता.

“म्हंजे दारं धरायची की रं,” आत्या म्हणाल्या. “ह्या वाफ्याचं दार लावायचं, त्या वाफ्याचं उघडायचं. आमच्या मळ्यात मीच धरायची दारं. सासरं म्हणायचं, राधा पाण्यावर असली की एक वाफा सुका ऱ्हात न्हाई.”

“अगदी तसंच, आजी. फक्त कडाक्याच्या थंडीत एखादं दार साफ बंद ठेवू नका. पाणी गोठलं तर नळी फुटेल.”

“बरं,” म्हणून आत्या पुन्हा डाळीकडे वळल्या.

लिमयेला त्याच आठवड्यात हॉटेलवाल्यांनी खाली चंदीगडला पाठवलं. जाताना माझ्या हातची भाकरी बांधून घेतली आणि म्हणाला, “वहिनी, काळजी करू नका.” मला त्याचा राग आला. तेरा वेढ्यांची खोली नऊ वेढ्यांवर आणून ठेवायची आणि वर म्हणायचं काळजी करू नका!

दिवाळी झाली. बंब पेटला. सगळं घर फरशीला हात लावून बघत होतं. स्वयंपाकघर उबलं. न्हाणीघर उबलं. आक्काची खोली तर अशी उबली की विचारू नका, तिथं पापड वाळले असते. आणि माझी? माझ्या खोलीची फरशी बर्फाच्या लादीसारखी गार. एक रात्र बघितली, दोन रात्री बघितल्या. हे गुडघ्यावर बसून तळवा फरशीवर ठेवायचे आणि म्हणायचे, “जरा कोमट लागतंय गं.” बिचाऱ्याचे ओठ निळे पडलेले असायचे.

दादांच्या कानावर गेलं. ते चहा पिता पिता म्हणाले, “लिमये म्हणला हुता खरा, सारख्या नळीत हितं भागायचं न्हाई. आता काय इलाज? तिकीट काढतो.”

मी स्वयंपाकघरात जाऊन कणकेत तोंड घालून रडले. लाज कसली सांगायला? ढसाढसा रडले. एवढं घर बांधलं, डोंगराएवढा खर्च केला, आणि मी पुन्हा त्याच गाडीत, पोराला मांडीवर घेऊन.

तेवढ्यात बाहेरून आत्यांचा आवाज आला. “तिकीट कशाला काढतुयास? थोरलीची खोली तापलीया न्हवं? पोरगं तितं झोपवा.”

आक्का तेव्हा पदरानं वारा घेत होती. ती त्या खोलीत घामानं निथळायची, भर थंडीत खिडकी उघडून बसायची, पण फार गरम होतंय असं एका शब्दानं बोलायची सोय नव्हती. बोलली असती तर नळी जास्त झाली हे कबूल करावं लागलं असतं! सांगता येईना आणि सोसवेना. ती चटकन म्हणाली, “झोपवा की. पोर काय जड हाय?”

पोर गेलं तर अंगावर पिणाऱ्या पोराबरोबर आई जाणारच. माझी वाकळ गेली. माझ्यामागं आत्यांची आली. “माजी बी खोली गारच हाय, बाई,” म्हणाल्या. “म्हाताऱ्या हाडाला सोसत न्हाई.” दोघे भाऊ उरले. ते कुठं झोपणार, स्वयंपाकघरात? तेही आले. आक्काच्या दोघी मुली आधीच तिथं होत्या.

अशी गंमत झाली. तीन स्वतंत्र खोल्यांचं घर बांधलं आणि संध्याकाळचा दिवा लागला की आठही माणसं एका खोलीत. एका अंगाला बायका-पोरं, दुसऱ्या अंगाला दोघे भाऊ, मधोमध आत्या. नवऱ्यापाशी राहायला मिळावं म्हणून मी देवापुढं नाक घासलं होतं. देवानं ऐकलं. नवरा दोन हातांवर होता, फक्त मध्ये सासू होती.

एकदा ह्यांनी अंधारात हळूच हात पुढं केला.

“काय पायजे रं?” आत्यांनी डोळे न उघडता विचारलं.

“उशी,” हे म्हणाले.

आत्यांनी आपली उशी काढून दिली. पुढं पंधरा दिवस हे दोन उशांवर झोपत होते आणि मान धरली म्हणून तेल लावून घेत होते.

पण खोटं कशाला बोलू? तो हिवाळा छान गेला. आक्काची जीभ उबेनं सैल झाली. तिच्या लग्नात नवरदेवाचा घोडा कसा उधळला होता ते सांगताना ती असली रंगायची की दादासुद्धा वाकळेत तोंड घालून हसायचे. मुली एकमेकींच्या अंगावर पडायच्या. संग्राम एकदाही खोकला नाही. आक्काच त्याला रोज तेल लावायची, माझ्या हाताला लागू द्यायची नाही. त्यानं पहिलं पाऊल टाकलं ते त्याच तापलेल्या फरशीवर, तळवे पोळले म्हणून नाचत नाचत, आणि गेला तो आक्काच्या मांडीत. मला थोडं वाईट वाटलं. पण पोरगं गोबरं झालं होतं, आणि मी गाडीत नव्हते.

पाडव्यानंतर लिमये आला. दारातच विचारलं, “काय, वहिनी? ऊब कशी काय?”

मी सगळं साठलेलं ओकले. तो आत गेला, दक्षिणेच्या खोलीत भिंतीपाशी रचलेल्या वळकट्यांची चळत बघितली, उत्तरेच्या खोलीत जाऊन फरशीवर हात ठेवला. त्याचा चेहरा कोरा झाला.

“हे शक्य नाही,” म्हणाला.

“तुम्हीच तर म्हणालात, नळी कमी पडणार.”

“म्हणालो होतो. पण तुमच्याकडे सगळे तोलायला बसलेत म्हटल्यावर मी काही बोललो नाही, या खोलीखाली थर्माकोलचा दुप्पट जाड थर घातला. खाली ऊब जाऊच द्यायची नाही, सगळी वर. तो काही कुणी तोलायला मागितला नाही.” आणि मग स्वतःशीच बोलल्यासारखा, “ती खोली इतकी तापायला नको होती. ही इतकी गार पडायला नको होती. तिचं पाणी गेलं कुठं?”

तो तरातरा देवघरात गेला. मागोमाग आम्ही सगळे. आत्या देवघराच्या दारात बसून मटार सोलत होत्या. लिमयेनं वाकून कपाट उघडलं.

पितळी कॉकांची ओळ. स्वयंपाकघर उघडा. न्हाणीघर उघडा. दक्षिणेची खोली उघडा. पुढचे दोन आडवे. साफ बंद.

“हा उत्तरेच्या खोलीचा,” लिमये म्हणाला. “आणि हा आजींच्या खोलीचा. हे कुणी बंद केले?”

देवघरात आत्यांशिवाय कुणी बोटसुद्धा लावत नसे. सगळ्यांनी आत्यांकडे बघितलं. आत्यांनी एक शेंग फोडली, दाणे परातीत टाकले.

“आणि गोठून फुटली कशी नाही नळी?” लिमयेचा आवाज चिरकला. “नशीबच म्हणायचं!”

“नशीब कसलं?” आत्या म्हणाल्या. “तूच सांगितलंस न्हवं साफ बंद ठिऊ नगं म्हणून? दुपारी सोडत हुते की बारीक धार. दिवा लावताना बंद करायची.”

दिवा लावताना! रोज संध्याकाळी बाई देवासमोर एवढा वेळ का लावते, आणि आम्ही बाहेर हात जोडून उभ्या! माझ्या अंगाची लाही लाही झाली. अख्खा हिवाळा! ती तिकिटाची बोलणी, ते कणकेतलं रडणं, ह्यांचे निळे ओठ, दोन उशा! दादा पाठीमागं हात बांधून त्या कॉकांकडे टक लावून बघत होते. ज्या नळीचा वीतभर तुकडा त्यांनी काट्यावर कापला होता, तिच्यात पाणीच नव्हतं.

“आत्या, का केलंत हो असं?” मी विचारलं. आवाज चढला होता माझा, चढू दे म्हटलं.

आत्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. परातीतले मटार हातानं सारखे करत राहिल्या.

“दोन्ही खोल्या उबल्या असत्या, तर दोन्ही दारं लागली असती,” म्हणाल्या. “माजी बी एक खोली काढली तुमी. मागितली हुती व्हय मी? मला एकटीला झोप येत न्हाई.”

आक्का नाक ओढत स्वयंपाकघरात गेली. लिमयेनं खाली वाकून दोन्ही कॉक उघडले. मी दोन दिवस आत्यांशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी मटाराची उसळ केली, माझ्या आवडीची, आणि वाटी पुढं सरकवली. मी खाल्ली. काय करणार?

पुढच्या हिवाळ्यात मी स्वतः रोज संध्याकाळी कपाट तपासायला लागले. आमची खोली छान उबली. नऊ वेढे आणि तो थर्माकोल, काही कमी पडलं नाही. आमचं दार लागलं. आक्काचंही लागलं, तिचा कॉक निम्मा करून दिला तेव्हा तिनं हुश्श केलं. आत्यांची खोली तर सगळ्यात चांगली उबली, लिमयेनं म्हातारं माणूस म्हणून तिथं दोन वेढे जास्त घातले होते. पहिल्या सकाळी मी विचारलं, “आत्या, झोप लागली का?”

“लागली की,” त्या म्हणाल्या. “ऊब लई हाय.”

आणखी सात हिवाळे आत्या त्या खोलीत झोपल्या. कधी तक्रार केली नाही.

ह्याला आता पंचवीसेक वर्षं झाली. मुली लग्न होऊन गेल्या, दादा-आक्कांनी गावी बंगला बांधला. हे मागच्या आषाढात गेले. संग्राम दुकान बघतो. तो आणि त्याची बायको ऋतुजा दक्षिणेच्या खोलीत, त्यांची तीन वर्षांची पोरगी त्यांच्याजवळ. मी उत्तरेच्या खोलीत.

परवा बंब पेटवला. दुसऱ्या दिवशी सकाळी संग्राम माझ्या खोलीत आला, चप्पल काढली आणि उडालाच.

“आई, तुझी फरशी बर्फ झालीय! रात्री कशी झोपलीस?”

“झोपले कशीतरी.”

“नळीत हवा अडकली असणार. लिमयेकाकांना फोन लावतो, ते माणूस पाठवतील.”

“थंडीत कुणाला कशाला वर चढवतोस?” मी म्हटलं. “पाडवा झाल्यावर बघू.”

“तोवर?”

“तोवर काय, मेली एक वाकळ तर टाकायची. तुमच्या खोलीत टाकीन कोपऱ्यात. पोरगी पण आजी आजी करत असते.”

ऋतुजा दारात उभी होती. मी तिच्या तोंडाकडे बघितलं नाही. ते कसं झालं असेल ते मला माहीत आहे. पण पोरगी गुणी. दुपारी मी बाहेर आले तर तिनं कोपऱ्यात नाही, मधोमध जागा करून ठेवली होती.

मग ती कामाला बाहेर पडली, संग्राम दुकानात, पोरगी झोपलेली. घरात जागं कुणी नव्हतं. मी देवघरात गेले, कट्ट्याखालचं कपाट उघडलं आणि माझ्या खोलीचा कॉक जरासा सोडला, बारीक धार जाईल एवढाच. नळी फुटायला नको.